नऊ हजार लिटरचा टँकर

शाब्दिक उदाहरणांवर माझा राग जुना आहे आणि तो सकारण आहे. ज्या बापाला आपल्या मुलाचे वय ठाऊक नाही, पण दहा वर्षांपूर्वी आपण त्याच्या किती पट होतो आणि दहा वर्षांनी किती पट असू हे मात्र बिनचूक ठाऊक आहे, असा बाप मी पाहिलेला नाही. आणि न्यायालयाच्या आवारात टाइपरायटर पुढ्यात घेऊन लोकांचे अर्ज लिहून देण्यात ज्याची उमेदीची सारी वर्षे गेली, त्या अर्जनवीसाने बाप पुष्कळ पाहिलेले असतात. तीच गोष्ट प्रवाहाच्या दिशेने आणि प्रवाहाच्या विरुद्ध नाव चालवणाऱ्या त्या गृहस्थाची. आमच्या शहरातल्या नदीत नाव चालवायची तर आधी पाणी आणावे लागेल. हा मुद्दा मी एकदा माझ्या नातीच्या शाळेला पत्राने कळवला होता. शाळेने उत्तर देण्याचे सौजन्य दाखवले नाही. नात मात्र त्या पत्रामुळे वर्गात ‘होडीवाली’ म्हणून ओळखली जाऊ लागली, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

तरीही ती दहावीला गेल्यावर ही उदाहरणे शिकवण्याचे काम माझ्याकडेच आले. मुलगा शेंद्र्याच्या कारखान्यात पाळीवर, सूनबाई दिवसभर दवाखान्याच्या नोकरीत, आणि बीजगणिताच्या नावाने माझ्या पत्नीने फार पूर्वीच हात जोडलेले. मी ते काम पत्करले ते माझ्या अटीवर. गणिताच्या पुस्तकात पायऱ्या दिल्या असतील तर असोत. मी शिकवीन ते अर्जाच्या रीतीने.

अर्जात प्रथम पक्षकारांची ओळख द्यावी लागते. ‘मानू’ या शब्दाने सुरू होणारी ओळ ही तीच ओळख आहे. एक्स म्हणजे कोण आणि वाय म्हणजे कोण हे तिथे निःसंदिग्धपणे नमूद करावे. ज्याची ओळख दिली नाही त्याच्याविषयी पुढे अवाक्षर काढू नये. त्यानंतर हकीकत: प्रश्नातले एकेक विधान घ्यावे आणि त्याचे एकेक समीकरण करावे, आपल्या पदरचे काही घालू नये. अज्ञात जितके, तितके साक्षीदार लागतात. दोन अज्ञात असतील आणि साक्षीदार एकच असेल तर प्रकरण उभेच राहत नाही. शेवटी ताळा. तो आपण मांडलेल्या समीकरणात टाकून पाहू नये, प्रश्नाच्या मूळ मजकुरात टाकून पाहावा. कारण समीकरण आपल्या हस्ताक्षरातले असते, मजकूर मात्र दुसऱ्याचा असतो आणि खोटे ठरण्याचा संभव नेहमी आपल्या हस्ताक्षराकडे अधिक असतो.

नातीला ही रीत पटली. वयाची उदाहरणे, अंकांची अदलाबदल, वाटेत भेटणाऱ्या दोन मोटारी, सगळे ती निकाली काढू लागली. “आबा, तुमचं सोपं पडतं,” ती म्हणायची, “फक्त मध्येमध्ये भांडू नका त्या पुस्तकाशी.”

गारखेड्यातल्या ज्या खाजगी शिकवणीला ती जायची, तिथे एक पद्धत होती. प्रत्येक घटकाची चाचणी झाली की मुलांच्या दोन तुकड्या नव्याने पाडायच्या. पहिल्या तुकडीला सर स्वतः फळ्यापाशी उभे राहून शिकवत; दुसऱ्या तुकडीला शेजारच्या खोलीत बसवून सरावाचे कागद दिले जात आणि ते सोडवून झाले की दुसरे कागद. पहिल्या तुकडीतून दुसरीत गेलेले मूल सहसा परत येत नसे, कारण चढायला जे शिकावे लागते तेच दुसरीत शिकवत नसत. ही पद्धत अन्यायकारक आहे असे माझे मत होते व आहे. पण नातीला तंत्रनिकेतनात जायचे होते आणि तिच्या हिशेबाने तिथला रस्ता पहिल्या तुकडीतून जात होता. ती तिथे टिकून होती.

दोन चलांतील समीकरणांच्या चाचणीनंतर ती घरी आली आणि जेवायला बसली. पत्नीने दोनदा ताटात भाजी वाढली, तीही तिने तशीच ठेवली. मग उत्तरपत्रिका माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “आबा, हे बघा. भांडू नका, नुसतं बघा.”

प्रश्न असा होता. एका वसाहतीत सोमवारी चार मोठे व सहा लहान टँकर आले आणि त्यांनी मिळून अठ्ठ्याहत्तर हजार लिटर पाणी आणले. गुरुवारी सहा मोठे व नऊ लहान टँकर आले आणि त्यांनी मिळून एक लाख सतरा हजार लिटर पाणी आणले. तर मोठ्या व लहान टँकरची क्षमता काढा.

नातीने रीतसर पक्षकार मांडले होते, दोन समीकरणे लिहिली होती, पहिल्याला तिनाने आणि दुसऱ्याला दोनाने गुणले होते, आणि वजाबाकी करताच दोन्हीकडे शून्य उरले होते. शून्य बरोबर शून्य. तिने ते खोडले होते, पुन्हा केले होते, पुन्हा खोडले होते. शेवटी कोपऱ्यात आकडे घालून पाहिले होते: मोठ्याला दहा हजार धरले तर लहानाला पूर्ण आकडा येत नाही, नऊ हजार धरले तर लहानाला सात हजार येतात. त्याखाली ताळा दिला होता, दोन्ही दिवसांचा, लिटरला लिटर जुळणारा. आणि त्यावर लाल शाईची फुली. बाजूला सरांच्या अक्षरात लिहिले होते: ‘१२ व ५’. तीन गुण गेले होते आणि त्या तीन गुणांनी तिची तुकडी बदलली होती.

मी ताळा करून पाहिला. चार नव्वे छत्तीस, साही सत्ते बेचाळीस, मिळून अठ्ठ्याहत्तर. साही नव्वे चोपन्न, नवा सत्ते त्रेसष्ट, मिळून एकशे सतरा. माझ्या कानशिलात रक्त चढले. प्रश्नातल्या प्रत्येक शब्दाला उतरणारे उत्तर चूक ठरवले गेले होते आणि त्याचे कारणसुद्धा नमूद केलेले नव्हते! कारण न देता दिलेला निकाल हा निकालच नव्हे.

“वही आण,” मी म्हणालो.

“आबा, नको.”

“वही आण म्हणतो ना.”

“पत्र नको, आबा. प्लीज. मागच्या वेळी होडीवाली झाले, आता टँकरवाली म्हणतील.”

“म्हणू देत. सत्य हे सत्य आहे.”

“व्हय, लिहा लिहा,” पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली. माहेर अजिंठ्याकडचे असल्याने चिडल्यावर तिची बोली तिकडची होते. “लई दिवस झाले कुणाला छळलं नाय. त्या मास्तरच्या घरी पण म्हातारे माणसं असतील, त्यांना बी वाचून दाखवील.”

मी पत्र लिहिले. विषय, संदर्भ, महोदय, आणि मग मुद्दे क्रमवार. चौथ्या मुद्द्यात माझी लेखणी खरी तापली: ‘सबब अर्जदाराच्या नातीने दिलेले उत्तर हेच एकमेव बरोबर उत्तर असून आपण ग्राह्य धरलेले उत्तर चुकीचे आहे, ते आपण विनाविलंब मागे घ्यावे.’ वाक्य वाचून मला समाधान वाटले. माझ्या व्यवसायात अशाच वाक्यांना किंमत होती. समोरच्याला अर्धे देऊन कोणी पूर्ण मिळवलेले मी पाहिलेले नाही.

नातीने मसुदा हातात घेतला आणि चौथ्या मुद्द्यापाशी थांबली. ओठ हलू लागले. मग बोटे.

“आबा, हे खोटं आहे.”

“काय खोटं आहे?”

“सरांचं उत्तर चुकीचं आहे म्हणून लिहिलंय ते. चार गुणिले बारा अठ्ठेचाळीस. सहा गुणिले पाच तीस. अठ्ठ्याहत्तर झाले. गुरुवारचं बघा. बहात्तर आणि पंचेचाळीस. एकशे सतरा. त्यांचंही बरोबर आहे.”

“दोघांचेही बरोबर असू शकत नाही.”

“मग करा ना ताळा. तुम्हीच सांगता ना मूळ मजकुरात टाकून बघायचं.”

मी केला. बरोबर आला. मी पुन्हा केला. पुन्हा बरोबर आला. माझा राग कोणावर धरावा हे मला क्षणभर कळेना. आणि राग धरायला जागा नसणे यासारखी दुसरी अस्वस्थता मला ठाऊक नाही. तेवढ्यात नात म्हणाली, “थांबा, पंधरा घेते मोठ्याला,” आणि तिने घेतले, आणि लहानाला तीन आले, आणि तेही दोन्ही दिवशी जुळले.

तेव्हा मला दिसले. ज्यांनी साक्षीदार तपासताना पाहिले आहेत त्यांना हे आधी दिसायला हवे होते. एखाद्या प्रकरणात दोन साक्षीदार उभे केले जातात. पहिला एक हकीकत सांगतो, दुसरा तीच हकीकत वेगळ्या शब्दांत सांगतो. तो पढवलेला असतो. अनुभवी वकील त्याची उलटतपासणी करत नाही. तो नुसते म्हणतो की हा साक्षीदार नाही, हा पहिल्याचा प्रतिध्वनी आहे. चार आणि सहाचे जे प्रमाण, तेच सहा आणि नवाचे. गुरुवारचे विधान म्हणजे सोमवारचेच विधान, दीडपट करून पुन्हा सांगितलेले. प्रश्नात विधाने दोन होती, साक्षीदार एकच होता. म्हणूनच वजाबाकीत शून्याखेरीज काही उरले नाही: एका माणसाच्या साक्षीतून त्याचीच साक्ष वजा केली तर दुसरे काय उरणार?

हे मी नातीला सांगितले. ती हसली, चाचणीनंतर पहिल्यांदाच. “म्हणजे माझी वजाबाकी चुकली नव्हती.”

“तुझी वजाबाकी बरोबर होती. तू ती खोडलीस, ती खोडायला नको होती.”

“मग पत्र?”

मी पत्र फाडले. हे औदार्य नव्हते. ज्या अर्जात एक खोटे विधान असते तो अर्ज मी कधी कोणाला लिहून दिला नाही, स्वतःलाही देणार नव्हतो.

ती म्हणाली, “मी बोलते सरांशी. तुम्ही या, पण बोलायचं नाही.”

“कबूल.”

“एकही शब्द नाही.”

“कबूल म्हटले ना!”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्यासोबत शिकवणीचा जिना चढलो. सर पंचविशी-तिशीतला तरुण मनुष्य, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोटांना खडू. पहिल्या तुकडीची पाचसहा मुले आधीच येऊन बसली होती. मला पाहून त्याने अदबीने खुर्ची दिली, “या काका, बसा,” आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळले की माझ्या पत्रांची कीर्ती शाळेतून शिकवणीपर्यंत पोहोचलेली आहे.

नातीने खडू घेतला. तिने दोन्ही समीकरणे फळ्यावर लिहिली आणि आलेखावर त्यांच्या रेषा काढायला घेतल्या. पहिली रेषा काढून झाली. दुसरी काढायला गेली तर ती पहिलीच्याच अंगावरून गेली. वर्गात कोणीतरी म्हणाले, “अरे, एकच आहे की.”

सर म्हणाले, “ते ठीक आहे बाळ, पण नऊ हजारांचा टँकर कुठं असतो? बारा हजारांचा असतो, पाच हजारांचा असतो.”

“सर, प्रश्नात तसं कुठं लिहिलंय?”

मी दिलेला शब्द मोडला. “जे लिहिलेले नाही,” मी म्हणालो, “ते वाचण्याचा अधिकार कोणालाही नाही. न्यायाधीशालाही नाही.”

“आबा!”

मी खुर्चीत मागे सरकलो.

सर खुर्चीवर टेकले आणि कपाळाला हात लावून हसू लागले. त्यांना आता सारे उमजले होते. त्यांनी तो प्रश्न रचला नव्हता, घरून आणला होता. ते राहतात त्या वसाहतीत दोन इमारती आहेत. पुढच्या इमारतीला रस्ता रुंद, तिथे मोठा टँकर जातो. मागच्या इमारतीची गल्ली अरुंद, तिथे लहानच टँकर शिरतो. दोन्हीकडची घरे ठरलेली, म्हणून पाणी कमी मागवा की जास्त, दोन मोठ्यांमागे तीन लहान हे प्रमाण कधी बदलत नाही. सोमवारी त्यांनी खिडकीतून टँकर मोजले, गुरुवारी मोजले, आणि मुलांना रोजच्या जगण्यातले उदाहरण द्यावे या चांगल्या हेतूने दोन्ही दिवस प्रश्नात उतरवून काढले.

“पण मग,” ते मुलांकडे वळले, “तुम्ही सगळ्यांनी बारा आणि पाच कसं काढलंत? हे तर निघतच नाही.”

मग पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, माझं पण शून्य बरोबर शून्यच आलं होतं.”

“आणि?”

“आमच्या बिल्डिंगला टँकर येतो ना रोज. त्याच्यावर लिहिलेलं असतं. मोठ्या अक्षरात. बारा हजार लिटर.”

“आणि मधल्या पायऱ्या?”

“त्या... भरल्या, सर.”

सगळा वर्ग हसला. माझी नात हसली नाही. तिला आता कळले होते की ती एकटी का पडली. आमच्या अंगणातल्या बोअरला अजून पाणी आहे. आमच्या दारात टँकर येत नाही. बाकीच्यांना जे रस्त्यावर वाचायला मिळाले होते ते तिला गणितातून काढावे लागले होते, आणि गणितात ते नव्हते.

सर उठले. “म्हणजे प्रश्नच सदोष होता. मी रद्द करतो. सगळ्यांचे तीन गुण वजा.”

बाकांवर कुजबुज झाली. मी हिशेब केला. मला वाटते सगळ्यांनीच केला. प्रश्न रद्द झाला तर नात पहिल्या तुकडीत परत येणार होती, आणि पुढच्या बाकावरची ती खरे बोललेली मुलगी बहुधा खाली जाणार होती. तिचा चेहरा पडला होता. कायद्याने पाहिले तर रद्द करणे हाच योग्य निकाल होता. मी तसे सांगण्यासाठी घसा साफ केला.

नात माझ्याआधी बोलली. “रद्द नका करू, सर. त्यांचं उत्तर बरोबर आहे. माझंही बरोबर आहे.”

“पायऱ्या बनावट आहेत!” मी म्हणालो. “बनावट पुराव्यावर मिळालेले गुण...”

“आबा, पायऱ्यांचं नंतर बघू.” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. ज्या स्वरात ती हे म्हणाली तो स्वर मी ओळखला. तो माझा होता, पण माझ्यापेक्षा शांत.

सरांनी तिची उत्तरपत्रिका मागून घेतली. फुलीवर रेघ मारून तीन गुण लिहिले, खाली सही केली. “पहिल्या तुकडीत एक बाक वाढवू,” ते म्हणाले. मग मला म्हणाले, “काका, एक विनंती. पुढच्या चाचण्यांचे प्रश्न आधी तुम्ही नजरेखालून घालाल का? तुम्हाला लगेच दिसतं हे.”

“मुळीच नाही,” मी म्हणालो. “नात परीक्षार्थी असताना आजोबाने प्रश्नपत्रिका पाहणे हे सर्व नियमांच्या विरुद्ध आहे. आपण हे विचारलेत याचेच मला आश्चर्य वाटते.” त्यांनी माफी मागितली. ती मी स्वीकारली.

बनावट पायऱ्यांविषयीचे माझे मत मात्र मी बदललेले नाही. ते मी सरांना पत्राने कळवले आहे. नातीने ते आधी वाचले, एक विशेषण काढायला लावले आणि मग जाऊ दिले. दुसऱ्या तुकडीला नुसते कागद देण्याच्या पद्धतीविषयी दुसरे पत्र तयार आहे. त्यातले एकही विशेषण मी काढणार नाही.

त्यानंतरच्या पहिल्याच तासाला सरांनी तोच प्रश्न पुन्हा फळ्यावर लिहिला आणि विचारले की आणखी कोणती एक गोष्ट कळली असती तर उत्तर एकच निघाले असते. नातीने हात वर केला. घरी येऊन तिने ते मला सांगितले, पाणी पिता पिता, उभ्यानेच.

“मी म्हटलं, सर, एखाद्या दिवशी तुमच्या त्या अरुंद गल्लीत कुणीतरी गाडी आडवी लावली आणि एक लहान टँकर परत गेला, की झालं. चार मोठे, पाच लहान, त्र्याहत्तर हजार. आता दुसरं समीकरण पहिल्यासारखं नाही.”

“मग?”

“मग काय, सोडवलं सगळ्यांनी. ती पुढच्या बाकावरची आहे ना, तिचं सगळ्यात आधी झालं. पायऱ्यांसकट, आबा. मी बघितल्या.”